जुन्या लॅपटॉपचे ऐब : कोणते सोसावेत, कोणते सोसू नयेत

लग्नसराईत कोणत्याही छोट्या छापखान्यात डोकावले की एक दृश्य हमखास दिसते. काउंटरवर आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप, त्याची बिजागरी चिकटपट्टीने बांधलेली, आणि त्याच्या पुढ्यात वायरने जोडलेला दुसरा कीबोर्ड. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड असून नसल्यासारखा. कापडाची पेढी, बेकरी, फर्निचरचा कारखाना, भंगाराचे गोदाम, सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच प्रकार आहे. बाहेरचा माणूस हसतो आणि म्हणतो, "अहो, नवा का घेत नाही?"

नवा न घेण्याला प्रत्येक वेळी कंजुषी कारणीभूत नसते. डीटीपीच्या अनेक जुन्या प्रणाली डोंगल नावाच्या कुलपावर चालत. हे डोंगल प्रिंटरच्या जागी लावावे लागे आणि तशी जागा आता नव्या लॅपटॉपवर येतच नाही. शिवाय पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, बिलबुके, मशिदीच्या जाहिराती, मदरशाच्या पावत्या त्या जुन्या फाँटमध्ये पडून आहेत. नव्या यंत्रावर त्या उघडल्या तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. चालती वस्तू टाकून देणे हा इस्राफ आहे, ही गोष्टही आपल्या लोकांच्या मनात असते, आणि असावीच. प्रेषित मुहम्मद (स.) आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करीत, असे ह. आयशा (र.) यांच्या रिवायतीत येते. दुरुस्ती करून वापरण्यात कमीपणा नाही. परंतु कोणता दोष सोसायचा आणि कोणता एक दिवसही सोसायचा नाही, याचा निवाडा दुकानदाराने केलेला नसतो. बिघाड होतो तेव्हा तो निवाडा यंत्रच करते, आणि तेही नेमके ईदच्या आठवड्यात.

प्रथम कीबोर्डची गोष्ट घेऊ, कारण सर्वांत जास्त कुरकुर त्याचीच असते.

लॅपटॉपच्या कळीखाली प्लास्टिकची छोटी कात्री आणि रबराची टोपी असते. बोट दाबले की टोपी खाली बसते आणि पातळ पापुद्र्यावरील दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात. चहाचा थेंब, साखर, पिठाचा कण किंवा मागावरचे कापसाचे तंतू आत गेले की हे टेकणे बंद होते किंवा सुटणे बंद होते. हा फक्त स्वस्त मालाचा दोष आहे असे समजू नये. अ‍ॅपल कंपनीने २०१५ मध्ये आपल्या महागड्या लॅपटॉपांत अतिशय पातळ असा 'बटरफ्लाय' कीबोर्ड आणला. धुळीच्या कणाने त्याच्या कळा अडकू लागल्या, म्हणून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०१९ च्या अखेरीपासून ती जुन्या कात्रीच्या पद्धतीकडे परतली. तेव्हा गल्ल्यावरची एखादी कळ रुसली तर फार वाईट वाटून घेऊ नये.

मात्र कोणती कळ रुसली याला महत्त्व आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याची एक कळ गेली तर एक अक्षर जाते. मराठी लिहिणाऱ्याचे तसे नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आखलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डावा हात स्वर आणि मात्रांचा, उजवा हात मुख्यतः व्यंजनांचा. त्यात 'डी' या कळीवर हलन्त आहे. ती एक कळ मेली की बहुतेक जोडाक्षरे गेली. मग 'मुहम्मद' लिहिता येत नाही, 'अब्दुल्लाह' लिहिता येत नाही आणि 'रत्नागिरी'ही नाही. 'जे' कळीवर र आहे आणि शिफ्टसह 'जे' दाबले की ऱ येतो. तो गेला तर 'दुसऱ्या' आणि 'व्यापाऱ्यांचे' हे शब्द अडतात. लग्नपत्रिकेत नावाचे जोडाक्षर फुटलेले छापले गेले तर गिऱ्हाईक पाचशे पत्रिका परत आणून टाकते. कागद गेला, शाई गेली आणि पुढच्या वर्षी त्याच्या भावाचे कामही गेले.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे काही शंभर रुपयांत मिळणारा यूएसबी कीबोर्ड. तो जोडण्यात कोणतीही लाज नाही. उलट मनगट मोकळे राहते आणि अंकांचा वेगळा गठ्ठा मिळतो. चौदा इंची आणि त्याहून लहान लॅपटॉपांवर हा गठ्ठा बहुधा नसतोच, आणि हिशेब लिहिणाऱ्या मुनीमजींना विचारा की वरच्या ओळीतून दिवसभर आकडे टाकणे म्हणजे काय. तात्पुरती नड असेल तर विंडोजमध्ये पडद्यावरचा कीबोर्ड उघडता येतो. विंडोजची कळ, कंट्रोल आणि 'ओ' एकत्र दाबावे. मेलेल्या कळीचे काम फारशा न लागणाऱ्या दुसऱ्या कळीकडे सोपवणाऱ्या प्रणालीही फुकट मिळतात. मायक्रोसॉफ्टच्याच 'पॉवरटॉइज'मध्ये ही सोय आहे. कळ कायमची अडकून एकच अक्षर भराभर उमटत असेल तर मात्र बाहेरचा कीबोर्ड लावून भागत नाही. आतला कीबोर्ड कारागिराकडून सोडवून घ्यावा लागतो. जुन्या जाड लॅपटॉपांत हे काम चार-पाच स्क्रू आणि एका पट्टीचे असते. नव्या पातळ लॅपटॉपांत कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेटने ठोकलेला असतो, म्हणून मजुरी जास्त पडते. जुन्या यंत्राचा हा एक गुणच म्हणायचा.

काही अडचणी तर दोष नसून नुसती मांडणी असते. टॅलीमध्ये पावतीला एफ ६, विक्रीला एफ ८, खरेदीला एफ ९. परंतु अलीकडच्या लॅपटॉपांवर या कळांना आवाज आणि उजेड कमीजास्त करण्याचे काम आधी दिलेले असते. विक्रीची नोंद करायला जावे तर दुकानात आवाज घुमू लागतो! अनेक लॅपटॉपांवर 'एफएन' आणि 'एस्केप' एकत्र दाबले की हा घोळ मिटतो. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच आहे. हे चिन्ह सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारले. त्यापूर्वीच्या कीबोर्डवर ते छापलेले नाही. विंडोजमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' ही मांडणी निवडून उजवीकडील 'ऑल्ट' आणि ४ दाबले की ते उमटते. कित्येक दुकानांत अजून बिलावर 'रु.' चालते, तेही काही वाईट दिसत नाही.

मांडणीचा खरा त्रास होतो तो टंकलेखन शिकलेल्या जुन्या ऑपरेटरला. त्याच्या बोटांत टाइपरायटर बसलेला असतो. कृतिदेव फाँटमध्ये 'डी' दाबले की क येतो, 'के' दाबले की काना. इन्स्क्रिप्टमध्ये 'के' म्हणजेच क. गंमत म्हणजे ऱ्हस्व वेलांटी दोन्हीकडे 'एफ' कळीवरच आहे, पण टाइपरायटरच्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी मारायची आणि इन्स्क्रिप्टमध्ये नंतर. त्यात त्याच माणसाला दुपारी उर्दू निमंत्रणही लावायचे असते. १९९४ मध्ये आलेल्या इनपेजने उर्दूची किताबत संगणकावर आणली, पण तिथे बहुतेक जण उच्चारानुसार मांडणी वापरतात. म्हणजे एकाच कीबोर्डवर तीन कीबोर्ड. अशा माणसाला "युनिकोड शिका" म्हणून झिडकारणे मालकाला शोभत नाही. जुने काम जुन्या यंत्रावर, नवे काम युनिकोडमध्ये, अशी वाटणी करावी आणि त्याला दोन महिने सवड द्यावी. कळांवर चिकटवायची अक्षरे बाजारात मिळतात, ती लावून द्यावीत.

आता न सोसायच्या दोषांकडे येऊ. येथे आपली मंडळी फार बेफिकीर आढळतात.

पहिला दोष फुगलेली बॅटरी. कीबोर्ड मधोमध वर आल्यासारखा दिसतो, माऊसची पट्टी दाबली जात नाही, खालचे झाकण टेबलावर नीट बसत नाही. लोक म्हणतात, कीबोर्ड बिघडला. वास्तविक आत लिथियमच्या पुड्या वायूने फुगलेल्या असतात. असा लॅपटॉप त्याच घटकेस बंद करावा, चार्जर काढावा आणि बॅटरी कारागिराकडून उतरवून घ्यावी. वरून दाबून झाकण लावणे म्हणजे कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये निखारा ठेवणे. बॅटरी कमी टिकते हा सोसण्याजोगा दोष आहे. बॅटरी फुगते हा नाही.

दुसरा दोष हार्ड डिस्कचा. टकटक आवाज, फाईल उघडायला मिनिटभर लागणे, मध्येच निळा पडदा. ही अखेरची सूचना समजावी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाच्या वह्या आणि कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अधिकाऱ्यापुढे "डिस्क उडाली" हे उत्तर चालत नाही. आणि उधारीचे काय? कोणाकडे किती येणे आहे हे त्या डिस्कवरच लिहिलेले असेल, तर ती गेल्यावर देणाऱ्याच्या इमानावर भिस्त ठेवावी लागते. रोज संध्याकाळी गल्ला मोजतो त्याच वेळी टॅलीची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी. आठवड्यातून एकदा आणखी एक नक्कल घरी न्यावी. जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली तर आठ वर्षांचा लॅपटॉपही तरतरीत होतो. जुन्या यंत्रावर पैसा घालायचाच असेल तर पहिला येथे घालावा.

तिसरी गोष्ट विंडोज १० ची. त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप व प्रोसेसर लागतो तो बऱ्याच जुन्या लॅपटॉपांत नाही. डिझाईन आणि छपाईसाठी असे यंत्र इंटरनेटविना खुशाल वापरावे. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नयेत.

शेवटी जुन्या लॅपटॉपच्या खरेदी-विक्रीबद्दल, कारण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गावातल्या मोबाईलच्या टपरीपर्यंत या धंद्यात आपले अनेक तरुण आहेत. मदिनेच्या बाजारातील धान्याच्या ढिगाची हदीस सर्वांना ठाऊक आहे. प्रेषितांनी (स.) ढिगात हात घातला तर आत ओल लागली, आणि तो ओला भाग वर का ठेवला नाहीस असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. दुसरी बॅटरी लावून अर्धा तास चालवून दाखवणे, मेलेल्या कळीवर नवे स्टिकर चिकटवणे, हे आजचे ओले धान्य. इस्लामी फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' नावाचा हक्क आहे. विक्रीच्या वेळी मालात असलेला पण न सांगितलेला दोष नंतर उघड झाला तर खरेदीदाराला माल परत करता येतो. म्हणून पावतीवर सरळ लिहावे: 'एफ ८ कळ चालत नाही, बॅटरी चाळीस मिनिटे, उजवी बिजागरी ढिली'. भाव थोडा उतरेल, पण भांडायला कोणी येणार नाही. घेणाऱ्यानेही पैसे देण्यापूर्वी कोरे पान उघडून प्रत्येक कळ दोनदा दाबून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे.

विकण्यापूर्वी आणखी एक काम उरते. झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानातील लॅपटॉपवर शेकडो लोकांची आधार कार्डे, निकाहनामे, पासबुके स्कॅन केलेली असतात. ती लोकांची अमानत आहे. फाईल 'डिलीट' केल्याने ती डिस्कवरून पुसली जात नाही, कोणीही जाणकार ती परत काढू शकतो. डिस्क पूर्ण पुसून घ्यावी, नाहीतर ती काढून स्वतःजवळ ठेवावी आणि लॅपटॉप डिस्कशिवाय विकावा.

भंगारवाल्या बंधूंना वेगळी सूचना. लॅपटॉप फोडताना बॅटरी आधी हाताने उतरवा. तिच्यावर हातोडा किंवा छिन्नी चालवू नका, उन्हात ढीग करू नका. फुगलेली असेल तर कोरड्या वाळूच्या डब्यात वेगळी ठेवा आणि नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राकडेच द्या.