कोकणात पाऊस लागला तर

वर्षाकाठी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पाहणारी आपली माणदेशी पोरं ३००० च्या वर कोसळणाऱ्या रत्नागिरीत गेली की साचलेल्या पाण्यातच उतरतात. पायाला जखम असेल तर मुळीच उतरू देऊ नका. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यात येतात. समुद्रात तर पावसाळ्यात कुणीच जाऊ नये. गणपतीपुळ्याची लाट पायाखालची वाळूच ओढते. मी पत्ते, भेंड्या आणि फणसाची साटं घेऊन बसतो. दिवस बरा जातो.

परतल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांत ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, डोळे लाल झाले तर दुखणं अंगावर काढू नका. वेळेत प्रतिजैविक मिळालं तर मूत्रपिंडं वाचतात. डॉक्टरांना ‘कोकणात पाण्यात फिरलो होतो’ हे आधी सांगा; नाहीतर दहिवडीच्या दवाखान्यात तो साधा फ्लूच ठरायचा.