पँट कुठे झिजते, ते आधी बघा

मी महागाव तालुक्यातल्या बचत गटांची समन्वयक. आज आपण बोलणार आहोत स्वमग्न मुलांच्या कपड्यांविषयी, आणि त्यातही वयात आलेल्या मुलांच्या पँटींविषयी. ऐकायला विषय छोटा वाटेल. पण ज्या घरात असं मूल आहे, तिथल्या आईला विचारा.

आमच्या एका गटातल्या ताईंचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्या मला म्हणाल्या, "ताई, ह्याले पँट पुरतच नाई. महिन्याच्या दोन जातात. लहान होता तवा चालून गेलं. आता फाटली का लोकं बघतात, हसतात. म्हणून मी त्याले बाजारात नेणंच सोडलं." म्हणजे बघा, प्रश्न पँटीचा होता, पण त्यापायी पोराचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं आणि त्याच्यासोबत आईचंही.

स्वमग्नता म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात ते. हा वेडेपणा नाही, कुणाचा शाप नाही, आईच्या वागण्याचा दोषही नाही. अशा मुलाच्या मेंदूची वाढच वेगळ्या रीतीने झालेली असते. बोलणं, लोकांत मिसळणं त्याला अवघड जातं. आवाज, उजेड, स्पर्श आपल्यापेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. त्यामुळे पुष्कळ मुलं एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतात. कुणी बसल्या जागी डोलतं, कुणी मांडीवर हात घासतं, कुणी गुडघ्यांवर सरकतं, कुणी कपड्याचे धागे उपसत बसतं. त्याने त्यांच्या मनाला शांत वाटतं. म्हणून "कपडे फाडतो" म्हणून मारू नका, हात बांधू नका. त्याला इजा होत नसेल तर ती हालचाल राहू द्या, बदल पँटीत करा.

आता पहिलं काम. नवी पँट घेण्याआधी जुन्या फाटक्या चार पँटी अंगणात पसरा आणि बघा. त्या ताईंच्या घरी आम्ही हेच केलं. पाच पँटी होत्या. पाचही उजव्या गुडघ्यावर आणि आसनाच्या शिवणीत गेलेल्या. बाकी कापड चांगलं धडधाकट होतं. म्हणजे पोरगा पँट झिजवत नव्हता, पँटीतल्या दोन जागा झिजवत होता. अख्खी पँट जाड करायची गरजच नव्हती.

ही गोष्ट जुनी आहे. १८७०च्या सुमारास अमेरिकेत रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली आणि म्हणाली, नवऱ्याला टिकेल अशी पँट शिवून दे. डेव्हिसने खिशांच्या कोपऱ्यांवर, जिथून पँट उसवते नेमकं तिथे, तांब्याचे रिव्हेट ठोकले. पुढे १८७३ साली त्याने आणि लेव्ही स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्याने मिळून त्याचं पेटंट घेतलं. आजच्या जीन पँटीची सुरुवात ती. एका बाईने शिंप्याकडे जाऊन आपली अडचण सांगितली, तिथून हे सुरू झालं. आपणही शिंप्याला नुसतं "मजबूत शिवा" म्हणू नये, जागा दाखवावी.

आता कापड. जीन पँटीचं कापड निरखून बघा, त्यावर तिरप्या रेघा दिसतील. त्या विणीला ट्विल म्हणतात. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून जाऊन दुसऱ्याखालून निघतो. ट्विलमध्ये तो दोन-तीन धागे ओलांडतो, त्यामुळे धागे जास्त दाट बसवता येतात आणि कापड वजनदार होतं. जीन, खाकी ड्रिल ही सगळी ट्विलचीच भावंडं. आपल्या यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीत जीनचंच कापड बनवणारा रेमंडचा कारखाना आहे.

दुकानदाराला विचारा, "कापड किती जीएसएमचं?" म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकड्याचं वजन किती ग्रॅम. शर्टाचं कापड साधारण १०० ते १५० असतं, पँटीचं २०० ते ३००, जीनचं ३००च्या पुढे. दुकानदाराला माहीत नसेल तर वजन करा. दीड मीटर पन्ह्याचं एक मीटर कापड ४५० ग्रॅम भरलं, तर ते ३०० जीएसएमचं. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ पर्यंत जातो. तेव्हा जाड जीन घालून पोराला शिजवू नका. सुमारे २५० जीएसएमचं सुती ड्रिल घ्या आणि झिजणाऱ्या जागीच दुहेरी करा. चकचकीत ताणणारं कापड मऊ लागतं, पण घासणाऱ्या जागी लवकर पातळ होतं. कापड सुतीच असेल तर कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, म्हणजे पँट नंतर आटत नाही आणि खळही निघून जाते.

आता जागेप्रमाणे उपाय सांगते.

गुडघा झिजत असेल तर बाहेरून त्याच कापडाचा दुसरा थर लावा. गुडघ्याच्या वर वीतभर आणि खाली वीतभर. छोटं ठिगळ लावलं तर त्याची कडच गुडघ्याच्या वळणावर येते आणि तिथूनच फाटतं. नव्या पँटीत हा थर बाजूची शिवण मारण्याआधीच लावावा. तयार पँट असेल तर जी बाजू साध्या शिवणीची आहे ती उसवा, थर लावा, परत शिवा.

आसन उसवत असेल तर कारण समजून घ्या. तिथे चार शिवणी एका ठिकाणी येतात आणि मांडी घालून बसलं की सगळा ताण त्या एका बिंदूवर पडतो. पायजम्याला लावतात तसा चौकोनी तुकडा तिथे तिरपा बसवा. ताण वाटला जातो आणि पाय फाकवायला जागा मिळते. शिवण जीनसारखी दुमडून दोन टिपांची करा. जीनसारख्या जाड कापडाला सोळा नंबरची सुई आणि पॉलिस्टरचा दोरा वापरा. खिशाच्या कोपऱ्यावर रिव्हेट नको, टोचतात. तिथे दाट झिगझॅग टीप मारा.

बसून डोलणाऱ्या मुलाचा बूड झिजतो. तिथे मागच्या बाजूला एकच मोठा तुकडा लावा, दोन छोटे नकोत.

धागे उपसणाऱ्या मुलाला सुटा धागा दिसताच कामा नये. आतल्या कडा दुमडून शिवा. आणि त्याच्या बोटांना काहीतरी काम द्या. खिशाच्या आत एक खरबरीत पट्टी किंवा गाठी मारलेला कापडाचा तुकडा शिवून ठेवा. पँट सोडून तो त्याच्याशी खेळेल.

एवढं करूनही मूल पँट घालेलच असं नाही. स्पर्शाचा त्रास असलेल्या मुलाला गळ्याचं लेबल किंवा शिवणीची कड काट्यासारखी वाटू शकते. म्हणून लेबल मुळापासून उसवून काढा. जोड बाहेरून लावा, आतली बाजू सपाट ठेवा. नवी पँट पाच-सहा वेळा धुऊन मऊ करा. जुन्या आवडत्या पँटीचाच रंग घ्या, त्याच मापाचं आसन ठेवा. नवी पँट काही दिवस जुनीच्या शेजारी ठेवा, मग रोज दहा मिनिटं घालू द्या. जमली की लगेच तशाच तीन शिवून घ्या. बटण लावता येत नसेल तर कमरेला रुंद इलास्टिक घाला, पण समोरून पँट मोठ्या मुलाचीच दिसू द्या. पंधरा वर्षांच्या पोराला लहान लेकराची चड्डी घालून बाहेर नेऊ नये. त्यालाही मान असतो. खाली तीन बोटं दुमड ठेवा, या वयात उंची भरभर वाढते.

धुताना पँट उलटी करा. गुडघ्यावर ब्रश घासू नका, दगडावर आपटू नका, डाग काढायला ब्लीच टाकू नका. सावलीत वाळवा. महिन्यातून एकदा पँट उजेडासमोर धरा. जिथून उजेड दिसतो तिथे भोक पडायच्या आधीच आतून मऊ कापड लावा.

आणि हिशोब करा. समजा तयार पँट ३०० रुपयांची, टिकली २० दिवस. दिवसाला १५ रुपये पडले. कापड, शिलाई, दुहेरी थर धरून ७२० रुपयांची पँट १२० दिवस टिकली, तर दिवसाला ६ रुपये. महाग कोणती, तुम्हीच सांगा.

एक सावधगिरी. मूल अचानक एकाच जागी जास्त खाजवायला, घासायला लागलं तर पँट बाजूला ठेवा आणि आधी अंग बघा. पुरळ, जंत, लघवीची जळजळ असू शकते. न बोलणारं मूल दुखणं असंच सांगतं. डॉक्टरांना दाखवा. तसंच, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत, त्यांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घ्या. निरामय योजनेत अशा मुलांना एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

शेवटचं सांगते ते गटांसाठी. २०२४ मध्ये शाळेच्या गणवेशाची शिलाई माविममार्फत राज्यातल्या बचत गटांकडे आली होती. म्हणजे हात शिकलेले आहेत, मशीन घरात आहे. दुहेरी गुडघ्याची पँट शिवणं आपल्याला अवघड नाही. आमच्या त्या ताईंच्या मुलाची पँट गटातल्याच एका मैत्रिणीने शिवली. आता तो मंगळवारी आईसोबत बाजारात येतो, पिशवी तोच धरतो.

तुमच्या गावात असं घर असेल तर त्या आईला पुढच्या मासिक बैठकीला बोलवा. सोबत एक फाटकी पँट आणायला सांगा. सगळ्याजणी मिळून ती कुठे झिजली ते बघा. बाकीचं शिवणाऱ्या मैत्रिणीच्या लगेच लक्षात येईल.