जुन्या टेम्पोच्या वायरिंगचे दुखणे

पुण्यातील लहान व्यापाऱ्याचा माल आजही बराचसा जुन्या गाड्यांवरच फिरतो. गुलटेकडीच्या मार्केटयार्डातली भाजी-फळे, भवानी पेठेतले लाकूड, नाना पेठेतले स्पेअर पार्ट, या सगळ्यांच्या वाहतुकीत टाटा २०७ आणि ४०७ अजून दिसतात. एखादी मॅटाडोरही कुठे कुठे तग धरून आहे. या गाड्या पुण्याच्याच. ४०७ बाजारात आली १९८६ साली आणि टाटामोबाइल पिकअप १९८८ साली, दोन्ही टेल्कोच्या पुणे कारखान्यातून. मॅटाडोर आकुर्डीच्या बजाज टेम्पोची. २००३ मध्ये टेल्कोचे टाटा मोटर्स झाले, २००५ मध्ये बजाज टेम्पोचे फोर्स मोटर्स झाले. पाट्या बदलल्या, पण गाडीच्या अंगातली तांब्याची तार तीच राहिली.

इंजिनाचे काम निघणार हे मालकाला आधी कळते. धूर येतो, ऑइल खाल्ले जाते, आवाज बदलतो. वायरिंगचे दुखणे असे सांगून येत नाही. पहाटे चारला माल भरून उभा असतो आणि सेल्फ 'टिक' करून गप्प बसतो. त्या दिवसाचे भाडे गेले, माल उशिरा पोहोचला तर भावही गेला. म्हणून या पानावर आज हाच विषय घेतला आहे. गाडीमालक आणि नव्याने काम शिकणारे कारागीर, दोघांनाही उपयोगी पडेल अशा बेताने लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, बॅटरी बसली की लगेच नवी बॅटरी आणू नये. बॅटरी मरते हे खरे, पण पुष्कळदा तिला कोणीतरी मारलेले असते. मारणारा गाडीतच राहिला तर नवी बॅटरीही चार-सहा महिन्यांत त्याच वाटेने जाते. आधी साधा मीटर घ्यावा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर १२.६ व्होल्ट मिळाले तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे सुमारे अर्धी. १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजावी. मग इंजिन चालू करून थोडी रेस ठेवावी. मीटर १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आला तर चार्जिंग ठीक. १२.५ वरच अडकून हळूहळू उतरू लागला तर अल्टरनेटर काम करत नाही. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, ज्याला आपले जुने मिस्त्री अजून 'कटआउट' म्हणतात, तो गेला. अशा गाडीत बॅटरीचे पाणी सारखे आटते आणि बल्ब वारंवार उडतात. मालक मात्र पाणी भरत राहतो.

जुन्या डिझेल गाडीचा पंप यंत्रावर चालतो, त्याला वीज लागत नाही. स्टॉपची केबल ओढून बंद करायची गाडी एकदा चालू झाली की अल्टरनेटर मेलेला असला तरी दिवसभर पळते. ड्रायव्हरला कळते ते दुसऱ्या दिवशी. दरम्यान सूचना देणारी एकच वस्तू असते, डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा. चावी फिरवली की तो लागलाच पाहिजे आणि इंजिन चालू झाले की विझला पाहिजे. चालू गाडीत तो लागून राहिला तर चार्जिंग नाही. पण चावी फिरवूनही तो लागतच नसेल तर? याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. कित्येक अल्टरनेटरना जागे करणारा सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो. बल्ब उडाला की अल्टरनेटर चांगला असूनही उठत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बापायी अल्टरनेटर उतरवून बाकावर खोलला जातो. खोलण्याआधी बल्ब पाहावा, पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा आणि मागची तार सैल आहे का ते पाहावे. त्यानंतर कार्बन आणि डायोड प्लेट.

डायोड प्लेटवरून एक जुनी खोड आठवली. इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि गाडी बंद पडते का ते पाहायचे. डायनामोच्या काळापासून चालत आलेली ही परीक्षा आजही काही गॅरेजांत दिसते. अल्टरनेटरच्या गाडीत ती अजिबात करू नये. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज एकदम उसळते आणि चांगले डायोड जळतात. म्हणजे दोष शोधता शोधता दोष तयार होतो! उस्तादाने शिकवले म्हणून शागिर्दाने हे करू नये. उस्तादाच्या वेळी गाडीच वेगळी होती.

आता अर्थिंग. आम्ही ज्या ज्या जाणत्या कारागिरांशी बोललो त्यांनी बोट ठेवले ते इथेच. बॅटरीची निगेटिव्ह तार चासीला जाते. इंजिन मात्र रबरी फाउंडेशनवर बसलेले असते, म्हणून इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची जाड पट्टी असते. वीस-पंचवीस वर्षांत तिच्या बोल्टखाली गंज चढतो, रंगकाम करताना तिच्यावरच फवारा मारला जातो, इंजिन उतरवले तेव्हा ती परत बसवायची राहूनही जाते. मग सेल्फला लागणारा शेकडो अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो. कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, कधी क्लचच्या. सेल्फ मारताना केबल गरम लागली किंवा तिच्यातून धूर आला, तर केबल बदलू नका, पट्टी पाहा.

याची परीक्षा सोपी आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर ठेवावी, तारेच्या क्लॅम्पवर नव्हे, खुद्द खांबावर. दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आले तर अर्थिंग चांगले. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर ती सगळी ताकद गंजात जळते आहे. तसेच पॉझिटिव्ह खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत मोजावे. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. दुरुस्ती म्हणजे बोल्ट काढणे, पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत करणे, दातेरी वॉशर घालून आवळणे आणि आवळल्यानंतर वरून ग्रीस लावणे. ग्रीस आधी लावू नये. या कामाला सामान जवळजवळ लागत नाही.

मागच्या दिव्यांचेही तेच. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो, इंडिकेटर दिला की टेललॅम्प लुकलुकतो, अशी तक्रार आली की समजावे, दिव्याचे अर्थिंग तुटले आहे आणि करंट शेजारच्या बल्बातून घरी परतू पाहतो आहे. लाकडी हौद्याच्या गाडीत दिव्यापासून चासीपर्यंत स्वतंत्र अर्थची तार ओढावी, म्हणजे कटकट मिटते. मार्केटयार्डाच्या गाडीत ओल्या भाजीचे पाणी सतत गळते. गणेश पेठेतील मासळी बाजाराच्या गाडीत तर मीठ-बर्फाचे पाणी असते, तिथले जोड हिरवे पडायला एक पावसाळा पुरतो. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी अशा गाडीत टिकत नाही, डाख देऊन वर नळी चढवावी. रात्री कात्रजच्या किंवा दिवे घाटात बंद पडलेल्या गाडीचे मागचे दिवे लागत नसतील, तर मागून येणाऱ्याला ती दिसतच नाही. हौद्यावर झोपलेला हमाल तिथे जीव गमावतो. टेललॅम्पचे काम 'पुढच्या खेपेला' ढकलू नये ते यासाठी.

गाडी फक्त उभी राहून बॅटरी उतरत असेल तर गळती शोधावी. सगळे बंद करून निगेटिव्ह टर्मिनल काढावे, मीटर १० अँपिअरवर ठेवून टर्मिनल आणि खांब यांच्यामध्ये जोडावा. असा मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, मीटर जळेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत हरकत नाही. अर्धा अँपिअर आला तर बारा तासांत ६ अँपिअर-तास गेले, आणि शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत त्याच्या तिप्पट. आता एकेक फ्यूज काढत जावे. ज्याच्यावर आकडा पडतो त्या वाटेत चोर आहे. तो बहुधा मागाहून बसवलेला टेप, हॉर्न किंवा अडकलेला ब्रेकचा स्विच निघतो. एकाही फ्यूजने आकडा पडला नाही तर अल्टरनेटरची मोठी तार काढून पाहावी. गाडी न चालवता सकाळी अल्टरनेटर कोमट लागत असेल तर डायोड गळतो आहे.

फ्यूजच्या जागी चांदीचा कागद किंवा जाड तार गुंडाळणाऱ्यांना काय सांगावे? फ्यूज उडतो म्हणजे तो आपले काम करतो. तार गुंडाळली की त्याचे काम वायरिंग करते आणि मग गाडी पेटते. हेडलाइटचा हिशेबही मालकाने समजून घ्यावा. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. १०० वॉटचे बसवले की साडेसोळाच्या वर. हा सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून जात असेल तर स्विच वितळणारच. बल्ब मूळ वॉटेजचाच ठेवावा आणि रिले बसवावा. बॅटरीतून फ्यूजमार्गे ३० नंबरला, ८७ वरून दिव्याला, जुन्या स्विचची तार ८५-८६ च्या कॉइलला. स्विचवर मग नाममात्र करंट राहतो, आणि तारेत होणारी घट कमी झाल्याने त्याच बल्बचा उजेड वाढतो. आठ वर्षांवरील व्यावसायिक गाडीची फिटनेस दरवर्षी होते, तिथेही दिवे पाहिले जातात.

मजुरीबद्दल दोन शब्द. बॅटरीच्या दुकानात हजारो रुपये मुकाट मोजणारा मालक वायरमनच्या दोन तासांच्या शोधाला घासाघीस करतो. 'नुसती तार तर घासली' हे वाक्य प्रत्येक वायरमनने ऐकले आहे. कोणती तार घासायची, त्याचे ते पैसे आहेत. कारागिरांनीही मीटरवरचा आकडा आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मालकाला दाखवावा. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांना स्कॅनर लागतो हे खरे, पण गंजलेल्या अर्थचा दोष तिथेही मीटरनेच सापडतो.

जुना अल्टरनेटर घ्यायचा तर मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जाताना आपला काढलेला सोबत न्यावा, ब्रॅकेटचे कान आणि पुली जुळली पाहिजे. शाफ्ट हाताने फिरवून बेअरिंगची खरखर ऐकावी, पुली हलवून ढिलाई पाहावी, आणि जळक्या वार्निशचा वास येतो का ते मागच्या जाळीशी नाक नेऊन पाहावे. भाव त्यानंतर विचारावा.