नवे कार्ड, जुना दोष

कुंडलिका नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या जालना शहरात व्यापाऱ्याच्या घरातील संगणक आता तिजोरीइतकाच मोलाचा झाला आहे. मोंढ्यातील अडत असो, बियाण्यांचे दुकान असो की लोखंडाची वखार, पेढी मिटल्यावरही दिवसाचा हिशेब घरच्या संगणकावर चालू राहतो. त्याच संगणकावर घरातील मुलगा अभ्यासासाठी इमारतींचे आराखडे काढतो, तर कन्या चातुर्मासातील कार्यक्रमांच्या चित्रफिती जुळवते. या कामांना वेग यावा म्हणून एखाद्या दिवशी नवे ग्राफिक्स कार्ड बसवले जाते आणि दुसऱ्याच दिवसापासून संगणक मध्येच हँग होऊ लागतो. पडदा थिजतो, माउस हलत नाही, बटण दाबून यंत्र बंद करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मासिक जीएसटी विवरणपत्राची २० तारीख तोंडावर आलेली असेल, तर ही केवळ मुलांच्या हौसेची गोष्ट राहत नाही.

असा प्रसंग कोणत्याही व्यापारी कुटुंबात घडू शकतो आणि घडला की पहिले काम होते ते दोष वाटण्याचे. वडील म्हणतात, “दुकानदाराने खराब माल गळ्यात मारला.” मुलगा म्हणतो, “पप्पा, कंपनीचाच दोष आहे.” आजोबा म्हणतात, “जुने बरे चालले होते, हात लावला कशाला?” प्रत्येकाजवळ आपापला पुरावा असतो. हत्तीला चाचपडणाऱ्या अंधांची कथा जैन घरातील प्रत्येक बालकाने ऐकलेली असते. ज्याच्या हाती सोंड आली, त्याला हत्ती सोंडेसारखाच वाटतो. अनेकांताची शिकवण व्याख्यानापुरती नाही. बिघडलेल्या यंत्रासमोरही ती तितकीच उपयोगी पडते.

व्यापाऱ्याला हा मार्ग खरे तर परिचित आहे. तेरीज जुळली नाही म्हणून कोणी शेवटची नोंद खोडत नाही. जाणता मुनीम आधी फरक पाहतो. फरकाला ९ ने भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घेतो. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले गेले, की फरक येतो ९००. फरकाच्या निम्मी रक्कम कोठे आढळली, तर जमेची नोंद नावे पडली काय, हे तपासतो. संगणकातील दोषही असाच शोधावा लागतो. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल वहीत टिपून ठेवावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुधारले, तरी दोष कोणता होता हे कळत नाही. तो पुन्हा उद्भवतो.

सर्वांत आधी हिशेबाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावी. वारंवार बटण दाबून बंद केलेल्या यंत्रातील फायली खराब होण्याचा धोका असतो. कार्ड नवे आणता येते, वर्षभराच्या नोंदी आणता येत नाहीत.

त्यानंतर निरीक्षण करावे. संगणक केव्हा हँग होतो? सुरू होताच, की आराखडा उघडल्यावर वीस मिनिटांनी? नुसता उभा असताना, की भार पडल्यावर? विंडोज व्हिस्टापासून संगणकात एक सोय आहे. कार्डाने साधारण २ सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. ही नोंद दिसली तर आधी ड्रायव्हरकडे पाहावे. जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पूर्णपणे काढून, नव्याचा ड्रायव्हर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. ४१ क्रमांकाची नोंद मात्र निदान नव्हे. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते; कारण सांगत नाही.

दुसरा संशयित म्हणजे उष्णता. जालन्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो आणि धुळीपासून जपण्यासाठी पुष्कळ घरांत संगणकाचे कॅबिनेट लाकडी कपाटात कोंडलेले असते. गरम हवेला बाहेर पडायला वाट नसेल, तर पंखे तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतात. कपाटाचे दार उघडे ठेवून, तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रामवर लक्ष ठेवून एक दिवस काम केले, की या संशयाचा निकाल लागतो.

कॅबिनेट उघडताना जयणा पाळावी. प्लग काढावा, चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर वीज उतरवावी. बंद पडलेल्या कॅबिनेटच्या कोपऱ्यात कोळी, मुंग्या किंवा पालीची अंडी असण्याचा संभव असतो. म्हणून हवेचा झोत एकदम मारण्याऐवजी आधी दिव्याच्या उजेडात नीट पाहावे आणि मऊ पूंजणीने जीव अलगद बाजूला करावेत. मग कार्ड एकदा काढून पुन्हा खाचेत पूर्ण बसवावे. अर्धवट बसलेली जोडणी हे क्षुल्लक वाटणारे कारण मोठ्या नुकसानीला कारणीभूत ठरते. २०२२ मध्ये एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०९० या महागड्या कार्डाचे वीजजोडणीचे प्लग वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या, तेव्हा प्लग पूर्ण आत न बसणे हे कंपनीने एक नेहमी आढळलेले कारण म्हणून सांगितले होते.

तिसरा संशयित पुष्कळदा कोणाच्याच लक्षात येत नाही. तो म्हणजे जुना पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतील विजेचे संगणकाला लागणाऱ्या कमी दाबाच्या विजेत रूपांतर करणारी पेटी. नव्या कार्डाला मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळू शकतात. म्हणजे आठ पिनांची एक जोडणी असलेले कार्ड २२५ वॅटपर्यंत मागणी करू शकते. ४५० वॅटच्या पेटीवर हे कागदोपत्री बसते. परंतु कार्डाची मागणी क्षणार्धात उसळते आणि वर्षानुवर्षे उष्णता सोसलेल्या पेटीतील कपॅसिटर तेवढ्या वेगाने पुरवठा सांभाळू शकत नाहीत. वहीत भांडवल भरपूर, पण हुंडी पटवण्याच्या दिवशी गल्ल्यात रोकड नाही, अशी ही अवस्था. १२ व्होल्टच्या वाहिनीवरील दाब ११.४ ते १२.६ यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. तो भाराखाली त्याखाली उतरला, तर यंत्र हँग होते किंवा एकाएकी बंद पडते. जुने कार्ड भुकेने लहान होते, म्हणून पेटीचा अशक्तपणा झाकलेला होता. नव्या कार्डाने तो उघड केला, निर्माण केला नाही.

निर्णायक कसोटी अदलाबदलीची. जुने कार्ड परत बसवून दोन दिवस पाहावे. नवे कार्ड एखाद्या परिचिताच्या सशक्त संगणकात बसवून तेवढाच वेळ चालवावे. ते तेथे निर्वेध चालले, तर ते निर्दोष मानावे आणि आपली पेटी, मग मेमरी, अशा क्रमाने तपासावे. मेमरीसाठी विंडोजमध्येच तपासणीची सोय आहे. घराच्या अर्थिंगचीही तपासणी जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी. पॉवर सप्लायची पेटी मात्र स्वतः कधीही उघडू नये; प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठलेली असते. नवी पेटी घेताना वॅटच्या आकड्याबरोबर निर्मात्याची हमी आणि १२ व्होल्टच्या वाहिनीची क्षमता वाचावी.

दुसऱ्या संगणकातही कार्ड हँग झाले, तर मात्र दोष त्याचाच. तेव्हा संकोच करण्याचे कारण नाही. बिल, अनुक्रमांक आणि वहीतील तारीखवार नोंदी घेऊन दुकानदाराकडे जावे. पुराव्यासह मांडलेली तक्रार कोणताही शहाणा व्यापारी ऐकतो. तेथे दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाचे दारही उघडे आहे. निकामी झालेली पेटी भंगारात किंवा घंटागाडीत टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे गेली पाहिजे. तिच्यातील शिसे मातीत उतरले, तर ती हिंसा कोणाच्या वहीत नोंदवायची?

या साऱ्या तपासाला फार तर आठवडा लागतो. घाईने दिलेल्या दोषाची किंमत मात्र पुढे बराच काळ मोजावी लागते. ज्या दुकानदाराला फोनवर चार शब्द सुनावले, तो आपल्याच बाजारपेठेतील असतो; उद्या त्याच्या घरच्या कार्यात पंगतीला बसायचे असते. ज्या मुलाला उधळ्या ठरवले, तो पुढे नवी गोष्ट सुचवताना कचरतो. स्वतः व्यापार करणाऱ्याला हे अधिक कळावे, कारण न तपासता माल परत करणारे गिऱ्हाईक त्याच्याही पेढीवर येते आणि तो त्यावेळी मनातून दुखावतो.

म्हणून पेटी बदलल्यावर संगणक सुरळीत चालू लागला, विवरणपत्र वेळेत भरले गेले, तरी एक काम शिल्लक राहते. वडिलांनी दुकानदाराला पुन्हा फोन करावा, दोष कार्डाचा नव्हता हे सांगावे आणि घरात मुलालाही तेच सांगावे. ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्यासाठी संवत्सरीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.