युद्धकथनाचा लेखक आणि शाळकरी वाचक यांचा पत्रव्यवहार

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना आपण दप्तरे, शिलालेख, वृत्तपत्रे आणि मुलाखती यांची नावे घेतो. वाचकाने लेखकाला लिहिलेले पत्र आणि त्याला आलेले उत्तर यांचा उल्लेख सहसा होत नाही. मात्र युद्धात लढलेल्या माणसाचे आत्मकथन वाचून सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी त्याला पत्र लिहितो, तेव्हा पुस्तकात नसलेले काहीतरी कागदावर येण्याची शक्यता असते. ते कोणत्या स्वरूपाचे असते आणि त्यासाठी काय विचारावे, हे या पाठात पाहू. त्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील एक प्रसिद्ध आत्मकथन घेतले आहे.

पुस्तकातील दोन माणसे

यूजीन स्लेज यांचा जन्म १९२३ साली अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मोबील शहरात झाला. वडील डॉक्टर होते. १९ व्या वर्षी ते मरीन कोअरमध्ये भरती झाले. सप्टेंबर १९४४ मध्ये पॅसिफिक महासागरातील पेलेलिऊ बेटावर आणि पुढच्या वर्षी ओकिनावा बेटावर ते ६० मिलिमीटरच्या उखळी तोफेवर लढले. पेलेलिऊवर उतरताना त्यांच्या कंपनीत २३५ जण होते. लढाई संपली तेव्हा त्यांतले केवळ ८५ जण इजा न होता उरले होते.

आघाडीवर रोजनिशी ठेवण्यास मनाई होती, कारण ती शत्रूच्या हाती लागण्याचा धोका असे. स्लेज यांनी खिशातल्या बायबलच्या छोट्या प्रतीत टिपणे करून ठेवली. युद्धानंतर ते जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले. टिपणांवरून त्यांनी आठवणी लिहिल्या त्या मुळात घरच्यांसाठी. ‘विथ द ओल्ड ब्रीड’ हे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांचे वय साठीकडे झुकले होते.

म्हणजे या पुस्तकात ‘मी’ हा शब्द दोन माणसांसाठी येतो. एक आहे विशीतला सैनिक. दुसरा आहे त्याच्याकडे सदतीस वर्षांच्या अंतरावरून पाहणारा प्राध्यापक. शाळकरी वाचकाची जवळीक पहिल्याशी असते, कारण तो जवळपास त्याच्याच वयाचा असतो. पत्राचे उत्तर मात्र दुसरा देतो. अशा पत्रव्यवहाराचे वेगळेपण आणि त्यातली अडचण या दोन्ही गोष्टी इथूनच सुरू होतात.

पुस्तकातला एक प्रसंग पाहिला की हे स्पष्ट होईल. मृत जपानी सैनिकांच्या तोंडातील सोन्याचे दात काढून घेण्याचा प्रकार स्लेज यांनी आघाडीवर पाहिला होता आणि त्यांना त्याची किळस आली होती. पण आठवडे उलटले तसे त्यांचेही मन निबर होत गेले. एके दिवशी ते स्वतः एका मृतदेहापाशी सुरी घेऊन वाकले. तेव्हा कंपनीतील वैद्यकीय मदतनीसाने, ज्याला सगळे ‘डॉक’ म्हणत, त्यांना अडवले. घरचे काय म्हणतील, असे त्याने आधी विचारले. मग जंतूंचे कारण दिले, आणि ते स्लेज यांना पटले. युद्धानंतर विचार करताना त्यांच्या लक्षात आले की डॉकला जंतूंची चिंता नव्हतीच. आपल्या मित्राच्या मनात शिल्लक असलेला ओलावा टिकावा, एवढीच त्याची धडपड होती.

प्रसंग सैनिकाच्या डोळ्यांनी घडतो, त्याचा अर्थ मात्र प्राध्यापकाला लागतो. या दोहोंच्या मध्ये काय घडले, ते पुस्तकात फारसे येत नाही. विद्यार्थ्याने विचारायचे ते तिथेच. ‘डॉकचा हेतू तुमच्या ध्यानात कधी आला? तेव्हा तुम्ही कुठे होता?’ हा प्रश्न साधा आहे. पण पुस्तक नीट वाचल्याशिवाय तो सुचत नाही, आणि त्याचे उत्तर कोणत्याही लष्करी दप्तरात सापडणार नाही. स्लेज २००१ साली वारले, त्यामुळे त्यांना तो आता विचारता येणार नाही. आपल्याकडच्या युद्धांत लढून नंतर लेखणी हाती घेतलेल्या सैनिकांना असे प्रश्न अजून विचारता येतील.

याउलट, मुलांच्या पत्रांत हटकून डोकावणारा प्रश्न असतो, ‘तुम्ही किती शत्रू मारले?’ त्यात मुलाचा दोष नाही, चित्रपटांनी त्याला तीच सवय लावली आहे. पण उखळी तोफेवरचा सैनिक बहुधा आडोशामागून मारा करतो. आपला गोळा कुठे पडला हे पुढे बसलेला निरीक्षक त्याला कळवतो. आकडा त्याला स्वतःलाच ठाऊक नसतो. शिवाय ज्याविषयी लिहायचे नाही असे लेखकाने ठरवले असेल, तिथे परक्या मुलाने त्याला ओढत नेणे बरे नव्हे.

तपशील चुकला तर?

चौकस विद्यार्थ्याला पुस्तकात चूक सापडतेच. गी साजेर यांच्या ‘विसरलेला सैनिक’ अशा अर्थाच्या नावाच्या फ्रेंच पुस्तकावरून (१९६७) मोठा वाद झाला. फ्रान्सच्या आल्सास भागातला हा मुलगा आपण सोळाव्या वर्षी जर्मन सैन्यात गेल्याचे सांगतो. आपल्या तुकडीच्या नावाची पट्टी डाव्या बाहीवर होती, असे त्याने लिहिले आहे. प्रत्यक्षात त्या तुकडीत ती उजव्या बाहीवर लावत. एवढ्यावरून, आणि अशाच इतर तपशिलांवरून, पुस्तक बनावट असल्याचा आरोप झाला. दुसऱ्या बाजूने एका अमेरिकी अभ्यासकाने लेखकाशी पत्रव्यवहार केला. लेखकाचे म्हणणे असे पडले की संदर्भग्रंथ लिहिण्याचा आपला उद्देशच नव्हता, आपण मनावर कोरलेले अनुभव लिहिले.

या उत्तराने वाद मिटला नाही, आणि मिटायलाही नको. तारखा आणि गणवेश यांसाठी असे पुस्तक एकट्याने पुरेसे नाही, हे खरेच. पण थंडी, भूक आणि भीती यांविषयी ते काय सांगते, हा निराळा प्रश्न आहे. विद्यार्थ्याने चूक लपवू नये. ‘अमुक पानावर डावी बाही आहे, इतरत्र मी उजवी वाचली, तुम्हाला कसे आठवते?’ असे विचारावे. आरोपाच्या सुरात लिहिलेल्या पत्राला बहुधा उत्तर येत नाही.

पत्र लिहिताना

भारतीय माजी सैनिकाला पहिल्या पत्रात हुद्द्याने संबोधावे, उदाहरणार्थ ‘आदरणीय सुभेदारसाहेब’ किंवा ‘आदरणीय कर्नलसाहेब’. ‘काका’ किंवा ‘आजोबा’ ही जवळीक त्यांच्याकडून आली तर पुढच्या पत्रात जरूर घ्यावी. पत्ता माहीत नसेल तर पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर दिलेल्या प्रकाशकाच्या पत्त्यावर, लेखकाकडे पोहोचवण्याची विनंती करून, पत्र पाठवता येते. उत्तरासाठी शाळेचा पत्ता द्यावा आणि शिक्षकांना तशी कल्पना द्यावी. प्रश्न दोन-तीनच असावेत, प्रत्येकापुढे पानाचा क्रमांक असावा, आणि ‘एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यावेसे वाटले नाही तर तो सोडून द्यावा’ असे स्पष्ट लिहावे. काही गोष्टी शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ मुळेही सांगता येत नाहीत, याचे भान ठेवावे.

उत्तर यायला महिने लागू शकतात. कधी ते पत्नीच्या किंवा मुलीच्या हस्ताक्षरात येते. तीन प्रश्नांपैकी दोनांचीच उत्तरे आली, तर तिसरा पुन्हा विचारू नये, पण तो अनुत्तरित राहिल्याची नोंद ठेवावी. वर्गात पत्र वाचून दाखवायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी, कारण ते एका मुलाला उद्देशून लिहिलेले असते, चाळीस जणांना नव्हे. बहुतेक जण आलेले पत्र जपतात आणि आपण पाठवलेल्या पत्राची नक्कल मात्र ठेवत नाहीत. मग पुढच्या वाचकाला उत्तर दिसते आणि ते कशाचे उत्तर होते हे कळत नाही. दोन्ही पत्रे, तारखा आणि पुस्तकाची आवृत्ती एकाच पाकिटात ठेवावी.