हात मोकळा होतो, पण...

भिंतीला रंग देताना ब्रश मध्येच थांबला, की तिथे पट्टा उमटतो. छोट्या मिलिंग मशीनवर धातू कापणाऱ्या छांदिष्टाची तक्रार नेमकी हीच असते. या मशीनमध्ये कटर एका जागी गरगर फिरतो आणि व्हाइसमध्ये पकडलेला जॉब टेबलासकट त्याच्याखालून सरकतो. टेबल सरकवायचे ते हँडव्हील फिरवून. हात दमला, पकड बदलली, की टेबल क्षणभर थबकते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर रेघ राहते.

कारखान्यातल्या मोठ्या मशीनला टेबल आपोआप सरकवणारे पॉवर फीड असते. चीनमध्ये तयार होऊन जगभर वेगवेगळ्या नावांनी विकल्या जाणाऱ्या ‘मिनी मिल’ला ते सहसा नसते. वाफेच्या इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती घरी घडवण्याचा छंद इंग्लंडमध्ये इतका जुना, की त्याला वाहिलेले ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ साली निघाले. असे छांदिष्ट विकतच्या पॉवर फीडवर पैसे घालण्याऐवजी बरेचदा भंगारातली वस्तू उचलतात : मोटारगाडीची वाइपर मोटर.

निवड मोठी चतुर आहे. ही मोटर १२ व्होल्टवर चालते आणि तिच्या पोटातच वर्म गिअर असतो, त्यामुळे ती सावकाश पण जोराने फिरते. हिशेब करून पाहावा. दहा मिमी व्यासाचा, चार दातांचा कटर मऊ पोलादावर मिनिटाला ८०० फेरे घेतो आणि प्रत्येक दात ०.०३ मिमी धातू काढतो असे धरले, तर टेबल मिनिटाला ९६ मिमी सरकायला हवे. लीड स्क्रूच्या एका फेऱ्यात ते २ मिमी सरकत असेल, तर स्क्रूला मिनिटाला ४८ फेरे लागतील. वाइपरचा वेग साधारण एवढाच असतो! वेग कमीजास्त करायला पीडब्ल्यूएम कंट्रोलर लावावा. नुसता रेझिस्टन्स घातला तर ओझे येताच मोटर मान टाकते. दिशा बदलायला दुहेरी स्विच पुरतो. मात्र बऱ्याच वाइपर मोटरींची एक तार आतून बॉडीलाच जोडलेली असते. दिशा उलटी केली की बॉडीत १२ व्होल्ट येतात आणि वीजपुरवठ्याचे दुसरे टोक मशीनला लागलेले असेल तर ठिणगी उडते. म्हणून मोटर आणि मशीन यांच्यामध्ये फायबरची किंवा बेकेलाइटची पट्टी घालावी.

इथपर्यंतचे काम दोन रविवारांचे. खरी अक्कल लागते ती टेबल थांबवण्यासाठी. हँडव्हीलवरचा हात नकळत बरेच काही करत असतो. कटर कुरकुरला की तो सैल पडतो, अडकला की थांबतो. मोटरला यातले काही कळत नाही. मिनी मिलचा आतला प्लॅस्टिकचा गिअर तुटून कटर जागीच थांबला, तरी ती टेबल पुढे रेटतच राहते आणि कटर मोडते. त्याहून मोठा धोका मोकळ्या झालेल्या हाताचा. चालू मिक्सरमध्ये कोणी चमचा घालत नाही; पण टेबल इतके संथ सरकते, की साचलेला धातूचा कीस बोटाने झाडण्याचा मोह होतोच. हातमोजे घालून तर मुळीच जवळ जाऊ नये. कटर मोजा ओढतो आणि मोज्यासोबत बोटे जातात. कीस ब्रशने, तोही मशीन बंद करून काढावा. ओढणी, लांब बाह्या आणि मुले या खोलीबाहेरच बरी.

टेबलाच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच हवेतच. प्रत्येक स्विचला समांतर एक डायोड जोडला, की टोकाला पोचलेले टेबल पुढे जात नाही, पण मागे परतू शकते. डायोड मोटरचा पूर्ण करंट सोसणारा असावा. वर्म गिअर उलटा फिरत नसल्याने मोटर जोडलेली असताना हँडव्हील हलत नाही. म्हणून मध्ये क्लच लागतो : एका कड्याला खुंट्या, दुसऱ्याला खाचा आणि त्यांना जोडणारी-सोडवणारी दांडी. जोडणीतली एक पिन मुद्दाम बारीक पितळेची ठेवावी. जोर वाढला तर आधी ती तुटेल, घरातल्या फ्यूजसारखी. दोन्ही मोटरी एकदम बंद करणारे मोठे लाल बटण हाताशी असावे.

आणखी एक पथ्य. स्क्रू आणि नटात थोडा प्ले असतोच. जॉब कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सरकवला तर तो प्ले एकाच बाजूला दबून राहतो. उलट केले तर कटर जॉबला हिसका देऊन आत ओढतो.

सामान मिळायला अडचण नाही. मोटर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुठल्याही गावी गाड्यांच्या भंगारवाल्याकडे; स्विच आणि कंट्रोलर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटमध्ये, बंगळुरूच्या एस. पी. रोडवर.

पहिली चाचणी कटर काढून घ्यावी. टेबल मधोमध आणून मोटर चालू करावी आणि ते ज्या टोकाकडे निघाले असेल तिथला लिमिट स्विच पेन्सिलीने दाबावा. थांबले नाही, तर तारा पुन्हा तपासाव्यात. कटर बसवण्याची वेळ अजून आलेली नाही.