तुंबडी, काचेचा पेला आणि तालमीतला हात

आजचा विषय पाठीशी आणि खांद्याशी संबंधित आहे, त्यामुळे तो कुणालाच परका नाही. चिनी वैद्यकातलं मालीश आणि कपिंग म्हणजे नेमकं काय, ते आपल्याकडच्या तुंबडीपेक्षा आणि तालमीतल्या रगडण्यापेक्षा किती वेगळं आहे, आणि दुखणाऱ्या माणसाने त्यावर किती भरवसा ठेवावा, एवढं आपण पाहणार आहोत.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्स पाण्यात उतरला, तेव्हा त्याच्या खांद्यावर जांभळे गोल डाग होते. जगभर चर्चा झाली आणि कपिंग हा शब्द घरोघरी पोचला. आता पाठीवर पेले लावून घेतल्याचे फोटो आपल्या मोबाइलवरही येतात. बरोबर एक वाक्य हमखास असतं, "बघा, किती खराब रक्त बाहेर आलं!" या वाक्यात काय खरं आणि काय खोटं, तेही आज पाहू.

चिनी पद्धतीत काय करतात

चिनी मालीशला 'त्वेना' म्हणतात. शब्द दोन आहेत : 'त्वे' म्हणजे ढकलणं आणि 'ना' म्हणजे पकडून उचलणं. नावातच कृती आली. याशिवाय दाबणं, गोल चोळणं, हाताची मागची बाजू लाटण्यासारखी फिरवणं, एकाच अंगठ्याने एका जागी तालात दाब देणं, अशा कितीतरी रीती आहेत. आपल्या अभ्यंगात तेल मुख्य. त्वेना पुष्कळदा कपड्यावरून, तेलाशिवाय करतात. तिथं सगळं काम हाताच्या ढबीचं आहे. चीनमध्ये थांग राजवटीच्या काळात दरबारी वैद्यक खात्यात मालीशची वेगळी शाखा होती, इतकी ही विद्या जुनी आणि मानाची.

कपिंगचं चिनी नाव 'बा-ग्वान'. 'बा' म्हणजे ओढून काढणं, 'ग्वान' म्हणजे भांडं. सुरुवातीला हे भांडं म्हणजे जनावराचं शिंग असायचं. हुनान प्रांतात मावांगत्वे इथं इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेली एक कबर आहे. तिच्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे ग्रंथ सापडले, आणि त्यांत मूळव्याधीवर शिंग लावण्याचा उल्लेख आहे. पुढे बांबूची नळी आली, मातीची भांडी आली, मग काच आली. आता हातपंपाचे प्लॅस्टिकचे पेलेही मिळतात.

यामागचा चिनी विचार असा : शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती ठरावीक मार्गांनी वाहते. ती आणि रक्त कुठं अडलं की तिथं दुखतं. मोकळं झालं की दुखणं जातं. ही भाषा आपल्याला ऐकल्यासारखी वाटेल. आपणही म्हणतोच की, "वात अडकलाय", "उसण भरलीय". काहीतरी भरलं किंवा अडलं, असंच दुखणाऱ्या माणसाला आतून जाणवतं. म्हणून दोन्हीकडे भाषा एका वळणाची झाली असावी. पण जाणवणं वेगळं आणि आत खरोखर काय घडतंय ते वेगळं.

तुंबडी आपल्याकडची

कपिंग चीनमधून आलं, असं आज सर्रास म्हणतात. मराठीला मात्र त्यासाठी कधीच नवा शब्द लागला नव्हता. तुंबडी लावणे हा शब्द आपल्याकडे होताच. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्याची तीन साधनं दिली आहेत : शृंग, जलौका आणि अलाबू. म्हणजे शिंग, जळू आणि दुधी भोपळ्याची तुंबडी. वातासाठी शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी तुंबडी, अशी वाटणीही आहे. शिंगातली हवा तोंडाने ओढून घ्यायची. तुंबडीत मात्र पेटता दिवा ठेवायचा. आज काचेच्या पेल्यात स्पिरिटचा पेटता बोळा फिरवतात, त्याचं तत्त्व हेच.

ही विद्या ग्रंथात राहिली नाही, ती गावोगाव फिरली. वैदू समाजाची माणसं जडीबुटीच्या झोळ्या आणि तुंबड्या घेऊन गावात यायची, दुखऱ्या जागी तुंबडी लावायची. ज्यांच्या दारात डॉक्टर नव्हता, त्यांचा तोच दवाखाना होता. तिकडे युनानी वैद्यकातही 'हिजामा' आहेच. तेव्हा ही युक्ती अमुक एका देशाची, असं म्हणण्यात अर्थ नाही. शिंग आणि विस्तव जिथं होता, तिथं ती माणसाला सुचली.

आणखी एक गैरसमज. चिनी वैद्यक म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच त्यांचं निधन झालं. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. पण कोटणीस तिथं आधुनिक शस्त्रक्रिया करायला गेले होते. ॲक्युपंक्चर भारतात आणण्याचं काम त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस, कोलकात्यात सुरू केलं. आणि आज जे 'पारंपरिक चिनी वैद्यक' एकसंध शास्त्र म्हणून शिकवतात, त्याचीही आखीव मांडणी बरीचशी त्याच दशकातली. १९५६ साली चीन सरकारने त्यासाठी बीजिंग, शांघाय अशा शहरांत महाविद्यालयं काढली. औषधी ज्ञान जुनं आहे, त्याची पाठ्यपुस्तकं नवी आहेत.

तालमीतला हात

मालीश म्हणजे काय, हे कोल्हापूरला सांगायची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी आजही आहेत. जोर-बैठका झाल्या, लढती झाल्या की अंगाला तेल लावून रगडायचं, ही तालमीची शिस्त. नवा पोरगा थोरल्या पैलवानाचं अंग रगडतो. तळहात, कोपर, वेळ पडली तर पाय, सगळं वापरतो. त्वेनात ज्या रीतींना वेगवेगळी नावं आहेत, त्यातल्या पुष्कळशा इथं बिननावाच्या सापडतील.

तालमीतल्या मालीशची एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. तिथं मालीश एकटं येत नाही. त्याच्या आधी मेहनत असते, मागून खुराक आणि झोप असते. वस्ताद कधी असं म्हणत नाहीत की, व्यायाम नको, नुसतं रगडून घे. आणि हाड सरकलं किंवा गुडघ्यातून आवाज आला, तर जाणता वस्ताद तिथं तेल घेऊन बसत नाही, डॉक्टरकडे पाठवतो. मालीशची जागा कुठली, हे तालमीने बरोबर ओळखलेलं आहे.

पेला लावल्यावर आत काय होतं

आता शास्त्राकडे येऊ. पेटता बोळा पेल्यात फिरवला की आतली हवा तापून फुगते, काही बाहेर जाते. बोळा काढून पेला चटकन पाठीवर ठेवला की उरलेली हवा गार होते आणि आतला दाब कमी होतो. बाहेरच्या हवेचा दाब जास्त, त्यामुळे कातडी पेल्यात वर उचलली जाते. पंपाच्या पेल्यात हेच काम विस्तवाशिवाय होतं. मालीश दाबतं, पेला ओढतो, एवढाच फरक. साधारण ५ ते १५ मिनिटं पेला ठेवतात.

या ओढीने कातडीखालच्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि काही फुटतात. त्यातलं रक्त आजूबाजूला पाझरतं. तोच तो जांभळा डाग. म्हणजे तो मुका मार आहे, फक्त गोल आकाराचा. दाराची कड लागून दंडावर जो काळानिळा डाग पडतो, त्याचाच हा भाऊ. रक्त जितकं पाझरलं तितका डाग गडद. ओढ किती जोराची, पेला किती वेळ ठेवला, कातडी किती नाजूक, यावर ते अवलंबून असतं. काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत शरीर ते रक्त शोषून घेतं आणि डाग जातो.

तेव्हा डाग म्हणजे बाहेर आलेला रोग नव्हे. डाग पेल्याने पाडलेला असतो. निरोगी माणसाच्या पाठीवर तेवढ्याच जोराने पेला लावा, तिथंही उमटेल. कातडीला छेद देऊन रक्त काढतात, तेव्हाही पेल्यात येतं ते आपलंच नेहमीचं रक्त. ते पेल्यात गोठतं, म्हणून काळपट आणि गुठळीसारखं दिसतं. शरीरातली टाकाऊ द्रव्यं गाळून काढायला मूत्रपिंडं आणि यकृत रात्रंदिवस कामाला आहेत. पाठीची कातडी ते काम करत नाही.

मग बरं वाटतं ते खोटं का? नाही. बरं वाटणं खरं असतं. त्या जागी रक्ताभिसरण वाढतं, ऊब येते, ताठरलेला स्नायू सैलावतो, आणि नव्या संवेदनेपुढे जुनं दुखणं काही वेळ मागे पडतं. कुणीतरी अर्धा तास आपल्या दुखण्याकडे लक्ष देतं, याचाही वाटा असतो.

हे बरं वाटणं किती टिकतं, याचा अभ्यास झालेला आहे. २०१५ साली कोक्रेनच्या अभ्यासकांनी कंबरदुखीवरच्या मालीशच्या २५ चाचण्या एकत्र तपासल्या. थोड्या काळासाठी वेदना कमी झालेली दिसली, पुढे तो फायदा टिकल्याचं दिसलं नाही, आणि पुराव्याचा दर्जाही कमी ठरला. कपिंगचंही असंच आहे. मान आणि कंबर दुखण्यावर तात्पुरता आराम दिसतो, पण चाचण्या लहान आहेत. शिवाय पेला खरा लावला की खोटा, हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे तुलना अवघड होते. त्यात अचानक भरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. त्याच दिवसांत पेले लावले, तर श्रेय पेल्यांना मिळतं.

आराम कुठं संपतो

आमचं म्हणणं एवढंच आहे की मालीश आणि कपिंग आराम देतात, तो जरूर घ्यावा. पण आरामाला निदान समजू नये. ऊसतोडीचा मजूर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वाकून काम करणारा कामगार, दिवसभर दुचाकीवर फिरणारा माणूस, यांची पाठ दुखणारच. त्यांना एका दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जाणं जड जातं. म्हणून ते आधी मालीश करून घेतात. ते समजण्यासारखं आहे. मात्र काही खुणा दिसल्या तर थांबायचं नाही.

पायातली ताकद कमी होत चालली, पाय लटपटतोय. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला. पाठदुखीबरोबर ताप आहे, वजन उतरतंय. पडल्यानंतर दुखायला लागलंय. पूर्वी कर्करोग झालेला आहे. यातलं काहीही असेल, तर पेला नको, तेल नको, सरळ डॉक्टरकडे. सीपीआर आहे, जवळचं ग्रामीण रुग्णालय आहे. लघवीचा ताबा गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर तास मोजायचे असतात, कारण मणक्यातल्या नसा दबल्या असतील तर उशिराने झालेलं नुकसान पुष्कळदा भरून येत नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. छेद देऊन केलेल्या कपिंगमध्ये एकाचं रक्त दुसऱ्याला लागलं, तर कावीळ 'ब' आणि 'क', एचआयव्ही यांचा धोका असतो. पातं नवीन, आपल्यासमोर फोडलेलं हवं. पेला एका माणसासाठीच वापरलेला हवा. हे विचारायला संकोच करू नका. न्हाव्याकडे नवीन ब्लेड मागतोच ना आपण.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*मधुमेह असेल तर कपिंग चालेल का?*
पाय किंवा पाठ बधिर असेल तर नको. भाजलं तरी कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, रक्त न गोठण्याचा आजार असेल, तरीही नको. फुगलेल्या शिरांवर, जखमेवर आणि गरोदरपणी पोटावर-कमरेवर पेला लावू नये. हलक्या हाताचं मालीश डॉक्टरांना विचारून करता येईल.

*विस्तवाचा पेला चांगला की पंपाचा?*
ओढ दोन्हीकडे सारखीच. विस्तवाच्या पेल्याने भाजल्याची उदाहरणं आहेत. पंपाच्या पेल्यात तो धोका नाही आणि ओढ कमीजास्त करता येते.

*उसण भरली की पायाळू माणसाची लाथ घेतात. ती चालते का?*
(हशा) उसण बहुतेक वेळा आपोआपच उतरते, त्यामुळे लाथेचं नाव झालं. तरण्या माणसाला हलका पाय लावला तर बिघडत नसेल. पण म्हाताऱ्या माणसाची हाडं ठिसूळ असतात, तिथं लाथ तर नकोच, जोरदार मालीशही नको. ऊब द्या, दोन दिवस जड उचलू नका, पण अंथरूण धरूही नका, चालतं-फिरतं ठेवा.

*मग तुमच्या मते वैदूंची तुंबडी आणि शहरातलं कपिंग, दोन्ही सारखंच?*
काम सारखंच आहे. फरक स्वच्छतेचा असू शकतो, आणि पैशाचा तर नक्कीच. 'इतक्या बैठकांत मुळापासून बरं करतो' असं जो सांगेल, त्याला एवढंच विचारा की, मला झालंय काय? त्याला त्याचं उत्तर देता आलं नाही, तर पुढचे पैसे तपासणीसाठी राखून ठेवा.